सायलेन्सर घरी उघडा, पण आवाज विकू नका



स्कूटरचा सायलेन्सर घरी उघडून, साफ करून परत पॅक कसा करायचा, ते व्हिडिओत दाखवलंय. हात कसा चालतो ते तिथे बघा. इथे मला त्या कामाबद्दलचं माझं मत मांडायचंय, कारण ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये या विषयावर दोनच प्रश्न येतात. पहिला: "सर, यात धंदा आहे का?" आणि दुसरा, जरा हळू आवाजात: "सर, असं करून आवाज वाढवता येतो का?"

पहिल्याचं उत्तर: आहे, पण मोजून-मापून. दुसऱ्याचं उत्तर: येतो, आणि नवीन पोरांची गॅरेजं नेमकी तिथेच फसतात. माझं म्हणणं सरळ आहे. हे काम आधी स्वतःच्या किंवा भंगारातून आणलेल्या सायलेन्सरवर शिका, त्याचा हिशेब कागदावर मांडा, आणि दुकानाची पाटी लावण्याआधी कोणतं काम घ्यायचं नाही ते ठरवा. धंदा टिकवायला घेतलेल्या कामाइतकंच नाकारलेलं कामही लागतं.

प्रत्येक सायलेन्सर उघडायचा नसतो

बऱ्याच जणांना वाटतं की सगळ्या सायलेन्सरमध्ये लोकर भरलेली असते. तसं नाही. ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा. १९७२ साली आलेली बजाज चेतक, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनणारी प्रिया, १९८४ पासूनची कायनेटिक होंडा, या सगळ्या टू-स्ट्रोक. यांच्या सायलेन्सरमध्ये पत्र्याचे कप्पे आणि नळ्या असतात. आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात आपटत जातो आणि कमी होतो. लोकर नसते. इथे खरा शत्रू कार्बन. चेतकमध्ये पेट्रोलबरोबर लिटरमागे साधारण २० मिली ऑइल जळतं, सगळं पूर्ण जळत नाही, आणि उरलेलं आत काळ्या डांबरासारखं साचतं. गाडी चढाला दम टाकते, ॲव्हरेज पडतं, मालक कार्बोरेटरवर खर्च करत बसतो आणि रोग सायलेन्सरमध्ये असतो.

दुसरा, आजच्या फोर-स्ट्रोक स्कूटरचा. आतली रचना कप्प्यांचीच, पण सोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. विषारी धूर कमी करणारा हा भाग. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम अशा महाग धातूंचा थर असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि या गाड्यांमध्ये धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सरही बसला. हा सायलेन्सर कापायचा नाही, जाळायचा नाही, कॉस्टिकमध्ये बुडवायचा नाही. गॅस्केट बदला, बाहेरचा गंज काढा, ब्रॅकेटचं वेल्डिंग करा, हीटप्रूफ रंग द्या. आतला भाग खराब असेल तर नवीन सायलेन्सर सांगा आणि विषय संपवा.

तिसरा, बाहेरून विकत घेऊन बसवलेला सरळ नळीचा. मध्ये भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती ग्लासवूल आणि बाहेर डबा. आवाज लोकरीत शिरतो, धाग्यांमध्ये घासला जातो आणि त्याची थोडीशी उष्णता होते. लोकर जळाली, उडाली किंवा ऑइलने भिजली की सायलेन्सर बोंबलायला लागतो. "रिपॅकिंग" म्हणतात ते खरं या प्रकारालाच लागू होतं.

म्हणजे गाडी समोर आली की पहिला प्रश्न "किती घेऊ?" हा नको. "हा कोणत्या प्रकारचा आहे?" हा हवा. डॉक्टर तपासल्याशिवाय गोळी देत नाही, मिस्त्रीनेही देऊ नये.

सोलापुरात गंज कुठून येतो?

हा प्रश्न मी बॅचमध्ये मुद्दाम विचारतो. आपल्याकडे ना समुद्राची खारी हवा, ना कोकणासारखा पाऊस. उन्हाळ्यात तर पत्र्यावर पापड भाजेल. तरी सायलेन्सर सडतात. का?

कारण पाणी गाडीच बनवते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब गेलात तर सायलेन्सर तापतो आणि वाफ बाहेर जाते. पण सात रस्त्यावरून नवी पेठेत, दहा मिनिटं थांबून परत घरी, अशा फेऱ्यांमध्ये सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी होऊन आतच बसतं. त्यात धुरातले आम्लाचे अंश मिसळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग चकचकीत असतो, बोट दाबलं की आत जातं.

हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. सायलेन्सरच्या खालच्या बाजूला पाणी निघायला बारीक भोक दिलं असेल, तर ते चिखलाने बुजलंय का बघा. आठवड्यातून एकदा गाडी जरा लांब फिरवून आणायला सांगा. या सल्ल्याचे पैसे मिळत नाहीत, पण गिऱ्हाईक घरी जाऊन सांगतं, "त्या पोराला कळतं." आपल्या गावात याच्यापेक्षा मोठी जाहिरात नाही.

घरी शिकताना

सविस्तर कृती व्हिडिओत आहे. इथे फक्त जिथे लोक घसरतात त्या जागा सांगतो.

१. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. फोर-स्ट्रोकमध्ये हेडवरचा स्टड तुटला तर सायलेन्सरचं काम बाजूला राहतं आणि हेडचं काम अंगावर येतं. या धंद्यातली सगळ्यात महागडी घाई हीच.

२. सरळ नळीच्या सायलेन्सरचे रिव्हेट ड्रिलने उडवा, टोपी काढा, नळी ओढून बाहेर घ्या. टोपी आणि डब्यावर आधी मार्करने रेघ मारा, म्हणजे परत बसवताना भोकाला भोक जुळतं.

३. जुनी लोकर काढताना हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. ग्लासवूलचे तुकडे कातडीत रुततात आणि छातीत जातात. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. संशय आला तर सुकं घासू नका, हवा मारू नका. ओलं करून काढा आणि पिशवीत बांधा. घरात लहान मुलं असतील तर हे काम घरात नकोच.

४. नळीची भोकं तारेच्या ब्रशने मोकळी करा. आधी स्टीलवूलचा पातळ थर, त्यावर सायलेन्सरसाठीच मिळणारी ग्लासवूल. छताला किंवा एसीच्या डक्टला लावतात ती लोकर नको. तिला चिकटवणारा पदार्थ सायलेन्सरच्या उष्णतेत जळतो, वास मारतो आणि लोकर भुगा होऊन उडते.

५. लोकर कोंबू नका आणि ढिलीही सोडू नका. दाबली की स्प्रिंगसारखी परत यायला हवी. जास्त कोंबली तर धाग्यांमधली हवा संपते आणि आवाज शोषला जात नाही. ढिली राहिली तर थोड्याच दिवसांत उडते.

६. परत बसवताना स्टीलचे रिव्हेट वापरा. ॲल्युमिनियमचे स्वस्त पडतात, पण उष्णतेत ढिले होतात. गॅस्केट दरवेळी नवीन.

७. टू-स्ट्रोकचा कार्बन काढायला जुने मिस्त्री सायलेन्सर आगीत जाळायचे. गल्लीत हे करू नका, त्या धुराचा त्रास शेजाऱ्यांना होतो. कॉस्टिक सोडा वापरणार असाल तर कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. ॲल्युमिनियमच्या भागाला तो लावायचा नाही. भाग खातो आणि पेट घेणारा वायू सोडतो. वापरलेलं पाणी गटारात ओतू नका.

८. टेस्टिंग उघड्यावरच. बंद खोलीत गाडी चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस आडवा करतो. गाडी चालू करून जाड कापडाने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबा. इंजिन गुदमरलं तर जोड ठीक. कुठून फुसफुस आली तर तिथे लीकेज आहे.

दोन-तीन भंगार सायलेन्सरवर असं काम करा आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावा. घरी शिकण्याचा खरा फायदा तिथे आहे. तुमचा हात किती वेळ घेतो हे कळल्याशिवाय दर ठरवता येत नाही.

आता वही काढा

नवीन पोरगं रिपॅकिंगचे किती घेतं? शेजारचा जितके घेतो तितके, वर पन्नास कमी. याला दर ठरवणं म्हणत नाहीत.

एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यासाठी आहेत. तुमच्या गावच्या दराने बदला.

महिन्याला घरी २५,००० रुपये न्यायचेत. गाळ्याचं भाडं आणि लाईट ८,०००. हत्यारांची झीज २,०००. एकूण ३५,०००. महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. पण सगळे तास बिलाचे नसतात. पार्ट आणायला जाणं, फोन, नुसती चौकशी, चहा. सुरुवातीला निम्मे तास बिलाचे मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे १०४ तास. ३५,००० भागिले १०४, तासाला साधारण ३४० रुपये.

काढणं, उघडणं, साफ करणं, भरणं, बसवणं आणि टेस्टिंग मिळून अडीच तास. मजुरी ८५०. लोकर, रिव्हेट, गॅस्केट, रंग, मास्क-मोजे धरून सामान ३५०. झाले १,२००. दहातलं एक काम परत येतं असं धरून वर १२० ठेवा. एकूण १,३२०.

आता जो पोरगा ५०० घेतो त्याचं बघा. सामानाचे ३५० गेले, उरले १५०. अडीच तासांचे १५०, म्हणजे तासाला ६० रुपये. गाळ्याचं भाडं अजून यातच द्यायचंय. मग तो मास्क घ्यायचं सोडतो, ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारतो, डक्टची लोकर भरतो. वाईट काम हे बऱ्याच वेळा चुकीच्या दराचं पोर असतं. मिस्त्री लबाड नसतो, त्याने वही उघडलेली नसते.

एक नियम मात्र पाळा. दुरुस्तीचं बिल नव्या सायलेन्सरच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे सांगा. त्याने नवीन घेतला तर बसवण्याची मजुरी तुमचीच. तुम्ही काही गमावत नाही, आणि "आधी सांगितलं असतं तर" हे वाक्य कायमचं टळतं.

"मालक, जरा आवाज काढून द्या की ओ"

आता मूळ मुद्दा. तुम्ही गॅरेज टाकलं की पंधरा दिवसांत हे गिऱ्हाईक येणार. वय वीसच्या आसपास, हातात ५०० ची नोट. काम पंधरा मिनिटांचं: आतली आवाज अडवणारी नळी काढा, लोकर काढून फेका, सोडून द्या. वरच्या हिशेबात अडीच तासांचे ८५०, आणि इथे पंधरा मिनिटांचे ५००. मोह होणारच. तो होत नाही असं म्हणणारा ट्रेनर खोटं बोलतोय.

तरी माझं मत ठाम आहे: हे काम घ्यायचं नाही. कारणं भावनेची नाहीत, धंद्याची आहेत.

एक, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडून गाडी चालवली तर कलम १९०(२) खाली १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोड रोलर फिरवलाय, ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्या रोलरखाली कुणा मिस्त्रीचं काम चिरडलं जातं. आणि पोलिसांनी विचारलं की पोरगा पहिलं नाव तुमचं सांगतो.

दोन, शेजार. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे, ती कंपनीने गाडी पास करून घेताना मोजतात. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. डेसिबलचं गणित सरळ नसतं. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. तुम्ही फोडलेला सायलेन्सर रात्री अकरा वाजता ज्या गल्लीतून जातो, त्याच गल्लीत तुमची रोजची गिऱ्हाइकं झोपलेली असतात. बीपीचा त्रास असलेले काका, परीक्षेला बसलेली मुलगी, पहाटेच्या पाळीला जाणारा लूमवरचा कामगार. गाडी कुणाकडून करून आणली, हे गल्लीला दोन दिवसांत कळतं.

तीन, गिऱ्हाइकाचं आयुष्य. आवाजवाला पोरगा वर्षातून एकदा येतो. शाळेतले सर, दूधवाले, एलआयसीचे एजंट, पार्सलवाली पोरं यांची गाडी एक दिवस बंद राहिली तर रोजगार बुडतो. ते दर दोन-तीन महिन्यांनी येतात, ऑइल, ब्रेक, टायर सगळं तुमच्याकडेच करतात. एकाचे पंधरा मिनिटांत ५००, दुसऱ्याचे वर्षभरात काही हजार. दुकानाबाहेर फटफट आवाजाच्या गाड्यांची रांग असेल तर ही दुसरी माणसं तिथे थांबतही नाहीत.

"पण सर, मी नाही केलं तर शेजारचा करेल." करेलच. जाऊ द्या. तुमच्या नाही म्हणण्याने आवाज बंद होणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण कोणत्या कामासाठी तुमचं नाव व्हावं, एवढं तुमच्या हातात आहे. शेजाऱ्याला आवाजाची गिऱ्हाइकं मिळू द्या, तुम्हाला आवाज बंद करायला येणारी मिळतील. दंड भरून आलेला तोच पोरगा मूळ सायलेन्सर परत बसवायला कुणाकडे जातो? ज्याने पहिल्या दिवशी नाही म्हटलं होतं त्याच्याकडे.

नाही म्हणताना भाषण देऊ नका, अपमान करू नका. एवढंच म्हणा: "भाऊ, आवाज वाढवायचं काम आपण करत नाही. गाडी पिकअप घेत नसेल तर बघून देतो." बऱ्याच वेळा त्याला खरं पिकअपच हवं असतं. त्याला वाटतं की आवाज वाढला की गाडी पळते. एअर फिल्टर, प्लग आणि क्लचचं रीतसर काम करून द्या, बिल ५०० पेक्षा जास्त होईल आणि तेही सन्मानाने.

उद्या सायलेन्सरच नसेल तर?

हा प्रश्न विचारणारा खरा धंदेवाईक. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग २०२० मध्ये चेतक हे नाव परत रस्त्यावर आलं, पण इलेक्ट्रिक होऊन. त्या गाडीला सायलेन्सरच नाही. म्हणून फक्त सायलेन्सरवर दुकान उभं करायला मी कुणालाही सांगणार नाही. जुन्या चेतक-प्रिया हौसेने उभ्या करणारे आहेत, रस्त्यावर पेट्रोल स्कूटरही अजून भरपूर आहेत, पण हे एका मोठ्या कामातलं एक काम आहे एवढंच.

मग शिकायचं कशाला? कारण दोन-तीन भंगार सायलेन्सरवर तुम्ही तपासणी शिकता, वेळ मोजायला शिकता, सामानाचा हिशेब शिकता आणि नाही म्हणायला शिकता. बॅटरीच्या गाड्या आल्या तरी हे चारही लागणार आहेत. उद्या कुणीतरी येऊन म्हणेल, "कंट्रोलरची स्पीड लिमिट काढून द्या की ओ." नोट तीच, मोह तोच, उत्तरही तेच.

भांडवलाची घाई करू नका. ड्रिल, रिव्हेट गन, पान्यांचा सेट, चष्मा, मास्क, एवढ्यात शिकणं होतं. गाळा घ्यायची वेळ आली की उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज विनातारण मिळतं. बँकेत जाताना वर मांडला तसा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी लिहून न्या. मॅनेजरसमोर "धंदा चांगला आहे" म्हणणारे रोज येतात, "माझ्या तासाची किंमत ३४० आहे" म्हणणारा क्वचित येतो.

या रविवारी एवढं करा. भंगारवाल्याकडून एक जुना सायलेन्सर आणा, घड्याळ लावा, उघडा आणि वहीत दोन रकाने पाडा. एकात तुम्ही कोणती कामं घेणार ती लिहा, दुसऱ्यात कोणती घेणार नाही ती. पुढच्या बॅचला येताना ती वही सोबत घेऊन या. मी आधी दुसरा रकाना वाचणार आहे.